जिथं ‘जाते’ म्हणतात

दुपारी दोन ते साडेतीन आमच्या केंद्रात कुणी कुणाशी बोलायचं नाही, असा नियम होता. तो नियम ज्यांनी केला त्याच तो रोज मोडायच्या, आणि तोही झोपेत. जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर भिंतीला डोकं टेकवून सिंधूआत्या बसल्या बसल्या डुलकी घ्यायच्या आणि डुलकीत बोलायच्या. ‘‘रेवतीची गोळी बदललीय, तिच्या आईला कळवलं का?’’ मग थोडा वेळ शांतता. मग, ‘‘शाळेचं पत्र न्हाय आलं अजून.’’ वरच्या खोल्यांत पडून राहिलेली मुलं कान देऊन ऐकायची. ज्याचं नाव आत्यांच्या झोपेत आलं, तो मुलगा किंवा मुलगी संध्याकाळपर्यंत जरा ताठ चालायची.

ती दुपार अजून माझ्या अंगात आहे. पडदे ओढलेले, औषधांनी जड झालेले मुलांचे डोळे, बाहेर मधुमालतीच्या वेलात बुलबुलांची कुजबूज, आणि त्या पिवळट उजेडात जिन्यावर बसून झोपेत सगळ्यांची व्यवस्था लावणारी ही उंच, सडसडीत बाई. मी वर्ग घेण्यासाठी साडेतीनला पोचायचं ते मुद्दाम पावणेतीनलाच पोचायचो आणि व्हरांड्यातल्या खुर्चीवर बसून राहायचो. काही वेळा मलाही डोळा लागायचा, आणि जाग आल्यावर आपण नक्की किती वर्षांचे आहोत हे चटकन लक्षात यायचं नाही.

मी मराठीचा मास्तर. शाळेतून निवृत्त झालो तेव्हा घरी बसून स्वयंपाकातल्या चुका काढण्यापेक्षा कुठंतरी शिकवायला जावं, असं मत पडलं. मत माझं नव्हे, बायकोचं. त्यातून येरवड्याच्या अलीकडे एका गल्लीत असलेल्या या केंद्रात आठवड्यातून तीन दिवस जाऊ लागलो. मनाच्या आजारानं घरी राहणं अवघड झालेली दहा ते अठरा वर्षांची मुलं तिथं काही आठवडे, काही महिने राहून उपचार घेत. तेवढ्यात त्यांचा अभ्यास मागे पडू नये म्हणून मी. पुण्यात येरवडा म्हटलं की लोकांना दोनच जागा आठवतात, तुरुंग आणि मनोरुग्णालय, आणि दोन्हींची भिंत उंच आहे. त्यामुळे पत्ता सांगितला की रिक्षावाला आरशातून एकदा माझ्याकडे नीट बघून घ्यायचा. मीही त्याला नीट बघू द्यायचो.

दारावरच्या पाटीवर सिंधूआत्यांच्या नावापुढे ‘निवासी उपचार समन्वयक’ असं लिहिलेलं होतं. पहिल्या दिवशी त्या फोनवर कुणाला तरी ‘‘पोरगं बरं हाय, जेवलं हाय’’ असं सांगत होत्या. फोन ठेवल्यावर मी, सवयीचा गुलाम, म्हणालो, ‘‘बाई, ‘आहे’ म्हणावं.’’

त्यांनी माझ्याकडं शांतपणे बघितलं. ‘‘सर, ‘आहे’ म्हणायला मला जरा जास्त वेळ लागतो. तेवढ्यात पोरगं फाटकापत्तुर पोचतं.’’

त्यानंतर मी त्यांचं व्याकरण काढलं नाही. लोणी काळभोरच्या शेतकरी घरातली ही मुलगी पुण्यात येऊन समाजकार्य शिकली, आणि मग उभा जन्म लोणीहून बसनं येऊन-जाऊन याच कामात राहिली. सुती साडी, पायात पुरुषी चपला, खांद्याला कापडी पिशवी आणि पिशवीत गूळ-शेंगदाणे. ‘समन्वय’ म्हणजे काय, असं एकदा वर्गात एका मुलीनं मला विचारलं. मी संधी सोडवून दाखवायला लागलो. दारातून जाणाऱ्या आत्या थांबून म्हणाल्या, ‘‘म्हंजी सगळ्यांचं ऐकायचं आन् ज्याला त्याला त्याच्या भाषेत सांगायचं.’’ शब्दकोशात इतका चांगला अर्थ मला आजवर मिळालेला नाही.

आणि त्या तेच करायच्या. डॉक्टरबाई म्हणायच्या, ‘‘स्लीप पॅटर्न सुधारतोय.’’ आत्या मुलीच्या आईला फोनवर सांगायच्या, ‘‘दोन दिवस झाले, पोरगी पंख्याकडं बघत पडत न्हाय, झोपती.’’ उलट दिशेनंही तसंच. एखादे वडील तावातावानं विचारायचे, की आणखी किती दिवस लागणार, तुम्ही लोक नक्की करताय काय. आत्या आत जाऊन डॉक्टरबाईंना सांगायच्या, ‘‘ते चिडल्यात असं वाटतंय, पण घाबरल्यात. पाच मिनिटं त्यांच्यासमोर बसा. काही सांगू नका, नुसत्या बसा.’’ नर्सबाईंची कुरकुर, शाळेच्या मुख्याध्यापकांचा आखडूपणा, आजीचा अंगारा, मामाचा सल्ला, सगळं त्यांच्या टेबलावरून जायचं आणि पलीकडं पोचेपर्यंत कसं कोण जाणे, ऐकण्यासारखं व्हायचं.

‘आत्या’ हे नावही त्यांनी स्वतःच ठरवून घेतलेलं. मावशी म्हटलं की दवाखान्यात लोकांना आयाबाई वाटते, ताई काय सगळ्याच असतात, आणि मॅडम म्हटलं की त्यांना मागं वळून बघावंसं वाटायचं, कुणी आलं की काय. ‘‘आत्या म्हणा. बारशाला बाळाच्या कानात नाव सांगायचा मान आत्याचा असतो. एकदा नाव ठेवायचं. मग जल्मभर नावं ठेवायची न्हाईत.’’ त्यामुळे कुठल्याही मुलाचा उल्लेख आजाराच्या नावानं केला की त्यांची भिवई वर जायची. एका शिकाऊ डॉक्टरानं ‘‘तो तीन नंबरचा डिप्रेशन’’ असं म्हटलं, तर आत्यांनी त्याला तीन नंबरच्या मुलाचं पूर्ण नाव, गाव, आवडती भाजी आणि मोठेपणी काय व्हायचं आहे, हे सगळं पाठ करून यायला लावलं. बिचारा आला पाठ करून. भाजी तेवढी चुकला.

सकाळच्या नाश्त्याला त्यांचा आणखी एक रिवाज होता. पोह्यांची बशी हातात घेऊन ज्याला वाटेल त्यानं आपलं स्वप्न सांगायचं. अट एकच, अर्थ विचारायचा नाही आणि सांगायचा नाही. काही औषधांनी स्वप्नं फार ठसठशीत पडतात म्हणे. मुलं त्यांना भ्यायची. आत्यांचं म्हणणं होतं की पोह्यांबरोबर सांगितलेल्या स्वप्नाला कुणी भीत नाही. मी एकदा लवकर गेलो आणि तावडीत सापडलो. मला पडलेल्या स्वप्नात मी परीक्षेला बसलो होतो आणि प्रश्नपत्रिका कानडीत होती. मुलं खदखदून हसली. मला, खरं सांगतो, फार हलकं वाटलं.

रेवती तिथं पहिल्यांदा बोलली. रेवती हे तिचं खरं नाव नव्हे; खरं लिहिलं तर आत्या लोणीहून येऊन माझा कान धरतील. खडकीच्या कारखान्यात वडील, तिथल्याच क्वार्टर्समध्ये घर, वय सोळा. जिवाचं बरंवाईट करून घ्यायला निघालेली, ऐन वेळी वाचलेली आणि मग आमच्याकडं आलेली. तीन आठवडे तिनं हो-नाही यापलीकडं काही उच्चारलं नव्हतं. त्या सकाळी ती बशीकडं बघत म्हणाली, ‘‘आमच्या जिन्यात पाणी भरलं होतं. एकदम क्लिअर. आणि आई त्यात उभी राहून पोळ्या करत होती. आणि त्या पोळ्या ओल्याच होत नव्हत्या.’’

आत्या म्हणाल्या, ‘‘खाल्लीस का एखादी?’’

‘‘नाही. जाग आली.’’

‘‘मग पोहे घे अजून.’’

त्या दिवसापासून रेवती जरा जरा बोलू लागली, आणि मी बघितलंय, आत्यांचा जीव तिच्यावर बसला. सगळ्या मुलांसाठी त्या झिजायच्या, पण हिच्या बाबतीत त्यांना एकच ध्यास होता. ही एकदा इथून गेली की पुन्हा इथं येता कामा नये.

आता त्या शब्दाबद्दल सांगायला हवं. आपल्याकडं घरातून निघणारं माणूस ‘जातो’ म्हणत नाही, ‘येतो’ म्हणतं. चुकून कुणी ‘जातो’ म्हणालंच, तर आतून आवाज येतो, ‘‘अरे, येतो म्हण!’’ शाळेत मी हे भाषेचं सौजन्य म्हणून शिकवत असे. आमच्या केंद्रात मात्र उलटा कायदा होता. मूल बरं होऊन घरी निघालं, बॅग रिक्षात गेली, की फाटकाशी उभं राहून त्यानं मोठ्यानं म्हणायचं, ‘‘जातो, आत्या.’’ आणि आत्या म्हणायच्या, ‘‘जा.’’ बस्स, एवढंच. मिठ्या नाहीत, रडारड नाही. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा लगेच हरकत घेतली. आत्या म्हणाल्या, ‘‘सर, येतो कुणाला म्हणायचं? दवाखान्याला?’’

पहिल्या खेपेला रेवती निघाली तेव्हा तिची आई शेजारीच उभी होती. मुलीनं ‘जा’ एवढा उच्चार केला आणि आईनं डोळे वटारले. रेवती घाईनं म्हणाली, ‘‘येते, आत्या.’’ ‘जा’ म्हणायचं आत्यांचं राहूनच गेलं. त्या अंधश्रद्धाळू अजिबात नव्हत्या. ज्या आजाराचं नाव नीट माहीत आहे त्याला त्या कधी नशीब म्हणत नसत. पण पाच महिन्यांनी रेवती पुन्हा आली, तेव्हा दाखल करून घेण्याचे कागद भरताना त्यांनी तिचं नाव सगळ्यात शेवटी लिहिलं.

दुसऱ्या खेपेला ती जास्त दिवस राहिली. माझ्याकडं निबंध लिहायची. शुद्धलेखन भयंकर, पण डोळे उघडे असलेली मुलगी. निघायच्या दिवशी आत्यांनी सगळी तयारी करून दिली. कोणती गोळी कधी, कुठल्या वारी दाखवायला यायचं, कॉलेजात कुणाशी बोलून ठेवलंय, झोप उडाली तर पहिला फोन कुणाला, घरातली कोणती कपाटं कुलूपबंद ठेवायची. आई-वडिलांना समोर बसवून एकेक गोष्ट दोनदा समजावली. फाटकाशी रेवती मान वर करून म्हणाली, ‘‘जाते, आत्या.’’ आई तेव्हा रिक्षात जाऊन बसली होती. तिनं ते ऐकलं नाही.

त्यानंतर अडीच-तीन महिन्यांनी एका सकाळी, साडेअकराच्या सुमारास, मी काही कामानं लवकर येऊन आत्यांच्या खोलीत बसलो असताना फोन वाजला. रेवतीची आई. मला पलीकडचं रडणं तेवढं ऐकू येत होतं. ती भाजी घेऊन घरी परतली तर रेवती घरात नव्हती, तिचा फोन टेबलावर पडलेला, आणि फ्रिजला चिठ्ठी लावलेली.

आत्यांचा आवाज सरळ होता. ‘‘चिठ्ठी वाचून दाखवा. जशी हाय तशी.’’

मग त्यांनीच ती माझ्यासाठी मोठ्यानं म्हटली. ‘‘आई, जाते. काळजी करू नकोस.’’

मी चपला शोधू लागलो. आत्यांनी मात्र विचारलं, ‘‘‘जाते’ लिहिलंय? नक्की ‘जाते’च?’’ आणि मग त्या खुर्चीत मागं टेकल्या. ‘‘ताई, ऐका माझं. हा आमच्याकडचा शब्द हाय. इथं तो चांगल्या अर्थानं म्हणत्यात. मला वाटतंय, ती कुठंतरी कामाला गेलीय. पण आपण शोधायचं. तुम्ही दारातच थांबा, ती आली तर दार उघडं दिसू दे.’’

फोन ठेवल्यावर त्यांनी माझ्याकडं बघितलं. ‘‘आन् मी चुकत असले तर, सर?’’

उत्तराची त्यांनी वाट बघितली नाही. डॉक्टरबाई, कारखान्यात वडील, पोलीस चौकी, कॉलेजची मैत्रीण, एकही फोन त्यांनी सोडला नाही. शब्दावर विश्वास ठेवला, पण शब्दावर विसंबल्या नाहीत. सगळे फोन झाले तेव्हा दोन वाजले होते. केंद्र शांत झालं, पडदे ओढले गेले. आत्या नेहमीसारख्या तिसऱ्या पायरीवर जाऊन बसल्या, भिंतीला डोकं टेकवलं, पण डोळे उघडे. वरून मुलं कान देऊन होती आणि खालून आवाज येत नव्हता. त्या दुपारी बुलबुलसुद्धा मला नकोसे झाले. मी घड्याळाकडं बघायचो आणि ते पाण्याखाली असल्यासारखं हळू चालायचं.

पावणेतीनला फोन आला. रेवती घरी पोचली होती. वर्षभरात पहिल्यांदा एकटी बसनं कॉलेजला गेली होती, राहिलेल्या परीक्षेचा फॉर्म आणायला. रांगेत उभी होती, म्हणून उशीर. फोन घरी विसरली, कारण मुलं विसरतात.

आत्यांनी ‘‘बरं’’ एवढंच म्हटलं आणि पदर तोंडावर ओढून घेतला. आम्ही सगळे दुसरीकडं बघत राहिलो.

पण गोष्ट संपली नव्हती. पाच वाजता रिक्षा येऊन थांबली. आई, वडील, मध्ये रेवती, आणि रेवतीची तीच निळी बॅग. आई दारातूनच म्हणाली, ‘‘आता मला झेपत नाही हो. ठेवून घ्या हिला. निदान जिवंत तरी राहील.’’

रेवती ओरडली नाही. बारीक आवाजात म्हणाली, ‘‘मी फक्त लाइनमध्ये उभी होते. सिरियसली. फॉर्मपण मिळालाय.’’ तो फॉर्म तिनं प्लास्टिकच्या पिशवीत घालून छातीशी धरला होता.

डॉक्टरबाई तिला आत घेऊन अर्धा तास बोलल्या. बाहेर येऊन म्हणाल्या, दाखल करायची काहीही गरज नाही, उलट आजच्याइतकी बरी ती कधीच नव्हती. आई हलेना. म्हणाली, ‘‘तुमचं बरोबर असेल. पण आमच्यात जिवंत माणूस ‘जाते’ म्हणत नाही हो, डॉक्टर.’’

मला वाटलं, संपलं. आता ही बॅग वर जाणार आणि ती मुलगी आतून कायमची मिटणार. रेवतीही बॅगेकडं बघत होती. तेव्हा आत्या पुढं आल्या आणि आईसमोर चक्क हात जोडले. इतक्या वर्षांत मी त्यांना कुणासमोर हात जोडताना पाहिलं नव्हतं.

‘‘चूक माझी हाय, ताई. पोरीची न्हाय. गोळ्या सांगितल्या, कपाटं सांगितली, कॉलेज सांगितलं. शब्द तेवढा तुम्हाला सांगायचा राहिला. आन् तिलाबी मी अर्धाच शिकवला.’’ मग त्या रेवतीकडं वळल्या. ‘‘हे बघ, घरातनं निघताना ‘येते’ म्हणायचं. का, तर घरी परत यायचं असतं. इथनं निघताना ‘जाते’ म्हणायचं. का, तर इथं परत यायचं नसतं. घर आन् दवाखाना यात फरक म्हणशील तर एवढाच हाय. कळलं?’’

रेवतीनं मान हलवली. चौतीस वर्षं मी क्रियापदं शिकवली, पण ‘येणे’ आणि ‘जाणे’ मला त्या संध्याकाळी समजली.

आईनं खाली वाकून ती बॅग स्वतःच उचलली. वडील घ्यायला पुढं झाले तर त्यांना दिली नाही. फाटकाशी पोचल्यावर ती थांबली, मुलीचा दंड घट्ट धरला आणि समोर रस्त्याकडं बघत म्हणाली, ‘‘म्हण.’’

‘‘जाते, आत्या.’’

‘‘जा,’’ आत्या म्हणाल्या. त्यानंतर निघणाऱ्या प्रत्येक मुलाच्या आई-वडिलांना हे दोन शब्द आधी समजावून सांगायचा नियम झाला.

आत्या निवृत्त होऊन आता तीन वर्षं झाली. मीही जाणं थांबवलं; गुडघे. गेल्या थंडीत त्यांचा फोन आला. हडपसरला डोळे तपासायला जायचंय, डोळ्यांत औषध घालतात, सोबत कुणीतरी आणा म्हणालेत, येता का? गेलो. दवाखाना नवा, चकचकीत, माणसांनी भरलेला. नंबर आल्यावर आतून एक तरुण मुलगी बाहेर आली. अंगात पांढरा कोट, हातात फाइल. मी तिला बघितलं आणि उठून उभाच राहिलो. आत्यांनी माझ्या मनगटावर हात ठेवून मला खाली बसवलं.

‘‘नाव?’’ मुलीनं विचारलं.

‘‘सिंधू काळभोर.’’

तिनं लिहून घेतलं. तिचं पेन एक क्षण थांबलं असं मला वाटलं. पण मला काय, काहीही वाटतं. ‘‘शुगर आहे? कुठल्या औषधाची अ‍ॅलर्जी? बरं. मान मागे करा, मावशी. वर बघा.’’ तिनं अंगठ्यानं हलकेच पापणी ओढून एकेक थेंब टाकला आणि कापसानं गालावरचा ओघळ टिपला. ‘‘आता वीस मिनिटं डोळे मिटून बसा. उघडायचे नाहीत हं. मी येऊन बघेन.’’ आणि ती पुढच्या माणसाकडं गेली. दोनदा येऊन तिनं तसेच थेंब टाकले. त्या डोळे मिटून बसल्या होत्या आणि ती मुलगी आजूबाजूला वावरत होती, कुणाला तरी हसून काही सांगत होती, कुणा म्हाताऱ्याला हाताला धरून नेत होती. आत्या नुसत्या ऐकत होत्या. त्यांच्या चेहऱ्यावर इतकी निवांत झोप मी त्या जिन्यावरही कधी पाहिली नव्हती, आणि त्या तर जाग्या होत्या.

बाहेर आलो ते ऊन अंगावर घेत. मी चिडलेला होतो, लपवत नाही. ‘‘मावशी म्हणाली तुम्हाला! रेवतीनं ओळखलंसुद्धा नाही?’’

‘‘नसंल ओळखलं. आपण आपल्याकडनं ओळख दाखवायची नसती सर, तुम्हाला ठावं हाय. ती काय तिथल्या लोकांना सांगून बसलीय का, मी कुठं होते म्हणून?’’

‘‘तरीपण.’’

‘‘तरीपण काय? तिला ती जागा विसरायची हाय. मी त्या जागेतच हाय. मला वगळून कशी विसरंल?’’

सोलापूर रस्त्यावर वाहनांचा धुरळा होता, आणि औषधानं बाहुल्या मोठ्या झालेल्या आत्या त्या उजेडात हात पुढं करून चालत होत्या. समोरचं सगळं त्यांना दुधात कालवल्यासारखं दिसत असणार. लोणीची बस आली तेव्हा पाटी वाचून मीच सांगितली. लोणीच्या थांब्यावर पुतण्या घ्यायला येणार होता. त्या चढल्या, खिडकीशी बसल्या. मी हात हलवला, पण मी त्यांना दिसणं शक्य नव्हतं. त्या माझ्या डोक्यावरून पलीकडं कुठंतरी, दवाखान्याच्या दिशेनं, डोळे बारीक करून बघत होत्या आणि एकट्याच हसत होत्या. बस सुटली.